घ, ङ, छ

जन्मलेल्या मुलाची नोंद करायला सरकार २१ दिवस देते आणि त्या नोंदीत नाव भरायला तब्बल १५ वर्षे देते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली तशी सोयच आहे. नाव सुचले नसेल तर नुसतेच 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहून मोकळे व्हावे. वर्षभरात सुचले तर फुकट, पुढे सुचले तर किरकोळ शुल्क भरून. आमच्या धंद्यात एवढी लांब मुदत फक्त घरबांधणीच्या कर्जाला मिळते. नातेवाईक मात्र बारा दिवसांवर एक दिवस देत नाहीत. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, घुगऱ्या शिजतात, शेजारपाजारच्या बायका आत्याबाईंच्या पाठीत धपाटे घालायला पदर खोचून उभ्या राहतात आणि आत्याबाई बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करतात. त्या 'कुर्रर्र'नंतर काहीतरी नाव यावेच लागते. तिथे 'सवडीने कळवतो' असे म्हणून चालत नाही.

तसे बारा दिवस काही थोडे नव्हेत. घरात वर्तमानपत्र वाचणारी चार माणसे असली तर बारा दिवसांत शंभर नावे निघतात. अडचण नावांची नसते; अडचण असते अक्षराची. गुरुजी पत्रिका मांडतात, नक्षत्र काढतात, नक्षत्राचा चरण काढतात आणि चिठ्ठीवर एक अक्षर लिहून देतात. हे अक्षर 'अ', 'स', 'म' असे नेहमीच्या ओळखीतले निघाले तर आनंदीआनंद. पण मूल काही वेळेचा चरण बघून जन्माला येत नाही.

माझ्या मेहुणीला मुलगी झाली ती आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. सासरेबुवांनी गुरुजींची चिठ्ठी उघडली आणि बराच वेळ चष्मा पुसला. चिठ्ठीवर अक्षर होते 'ङ'.

"हा 'ड' आहे. शेजारी टिंब पडलंय चुकून," सासरेबुवा म्हणाले.

"आमटीचं नाही ना?" सासूबाईंनी चिठ्ठीचा वास घेतला.

"भावोजी, तुम्ही बघा," मेहुणी म्हणाली. "तुम्हाला लोकांच्या सह्या वाचायची सवय आहे."

मी बघितले आणि सांगितले, की हा क, ख, ग, घ नंतरचा पाचवा. आपण शाळेत तो पाठ करतो आणि मग मरेपर्यंत त्याच्या वाटेला जात नाही. 'वाङ्मय' या शब्दात तेवढा भेटतो.

"म्हणजे मुलीचं नाव वाङ्मय ठेवायचं?" साडूंनी विचारले. साडू इंजिनियर आहेत.

"त्यात तो मधे आहे. इथे पहिला पाहिजे."

मग त्या घरातली सहा कर्तीसवरती माणसे समोरासमोर बसून 'ङ'चा उच्चार करून बघू लागली. कुणाचा 'ग' होई, कुणाचा 'न', सासरेबुवांना ठसका लागला. वास्तविक ते अक्षर त्या घरात एकाच व्यक्तीला स्वच्छ म्हणता येत होते, आणि ती व्यक्ती पाळण्यात पडल्यापडल्या दुधासाठी ते मोठ्याने म्हणतही होती. पण तिचे मत कुणी विचारले नाही.

शेवटी गुरुजींनाच फोन लावला. गुरुजी शांत होते. "अहो, त्यात काय घाबरायचं? शास्त्रात सोय आहे. ङ आला तर ग घ्यायचा, ञ आला तर ज, ण आला तर ड." म्हणजे एखादा कारकून कायमचा रजेवर असला की त्याच्या टेबलावर शेजारच्याला बसवतात, तशीच ही व्यवस्था. मुलीचे नाव 'गार्गी' ठेवले. घरात तिला सगळे 'छकुली' म्हणतात. 'छ' हा आर्द्रेचाच चौथा चरण. तेव्हा मुलगी नक्षत्राबाहेर गेली असे कुणाला म्हणता येणार नाही.

त्यांचा प्रश्न तिथे सुटला आणि माझा सुरू झाला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कोष्टक दिसले की आधी त्याची बेरीज करायची, अर्थ मागाहून विचारायचा, हे आमचे शिक्षण. ज्या कोष्टकात जन्मभर रजेवर असलेली अक्षरे हजेरीपटावर ठेवली आहेत ते कुणी आणि कसे मांडले असेल, या विचाराने मी एक अख्खा रविवार पंचांग घेऊन बसलो. सौ. म्हणाली, "एवढं लक्ष आपल्या पोरांच्या वेळी दिलं असतंत तर..." पण ते असो.

या कोष्टकाचे नाव अवकहडा चक्र. नाव ऐकून एखाद्या राक्षसाचे वाटते. प्रत्यक्षात अ, व, क, ह, ड ही त्यातली पहिली पाच अक्षरे एकापुढे एक ठेवली आहेत, जसे आपण 'एबीसीडी' म्हणतो तसे. पुढच्या ओळी म ट प र त, न य भ ज ख, ग स द च ल. एकूण अक्षरे वीस. प्रत्येकाला स्वर पाच: अ, इ, उ, ए, ओ. वीस पंचे शंभर. म्हणून या चक्राला शतपदचक्र असेही म्हणतात. पण जुन्या हिशेबात नक्षत्रे होती २८ आणि प्रत्येकाचे चरण चार. अठ्ठावीस चोक एकशे बारा. शंभर जागा भरल्या, बारा रिकाम्या राहिल्या. त्या बारा जागांवर ज्यांची कुठेच वर्णी लागली नव्हती अशी बारा अक्षरे प्रत्येकी एका जागेवर बसवली: आर्द्रेत घ, ङ, छ; हस्तात ष, ण, ठ; पूर्वाषाढेत ध, फ, ढ; आणि उत्तरा भाद्रपदेत थ, झ, ञ. तीही कुठे बसवली? कू झाल्यावर, पू झाल्यावर, भू झाल्यावर आणि दू झाल्यावर. दर वेळी बरोबर 'उ'काराच्या मागे. शिस्त म्हणजे शिस्त.

आता पडताळा बघा. मराठी शाळेत शिकवलेला 'ळ' संस्कृतात धरत नाहीत. तो सोडून व्यंजने ३३. वरच्या विसांत 'अ' हा स्वर, म्हणून व्यंजने १९. त्यात ही १२ मिळवली की ३१. दोन कमी पडतात. ताळेबंदात दोन रुपयांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसणारी आमची जात. मी शोधून काढले. गायब होते ब आणि श. त्यांचे विलीनीकरण झाले होते. 'ब' हा 'व'मध्ये आणि 'श' हा 'स'मध्ये. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेव्हा त्यातल्या सहा बँकांच्या मंडळींना काय वाटले असेल ते 'ब' आणि 'श' यांना विचारावे. माणसे तीच, गिऱ्हाइके तीच, फक्त पाटी दुसऱ्याची.

पण गंमत पुढेच आहे. चक्रात ज्यांना स्वतःची खुर्ची नाही त्या दोन अक्षरांनी आपल्या इतिहासात काय केले ते पाहा. शहाजी, शिवाजी, शाहू. मग १७१३ मध्ये पेशवा झालेला बाळाजी विश्वनाथ, १७२० मध्ये बाजीराव, १७४० मध्ये बाळाजी बाजीराव. एकाने राज्य उभे केले आणि दुसऱ्याने ते वाढवले. ज्याला खुर्ची नाही तो उभा राहून काम करतो, असा माझा नोकरीतलाही अनुभव आहे.

नंतर हिशेब बदलला. आकाशाचे सत्तावीस सारखे भाग पाडून नक्षत्रे २७ च धरण्याची वहिवाट पडली आणि अभिजित हे अठ्ठाविसावे नक्षत्र सेवामुक्त झाले. त्याच्या वाटणीची जू, जे, जो, खा ही चार अक्षरे तेव्हापासून अधांतरी आहेत. कुणी त्यांना उत्तराषाढेत घेतो, कुणी श्रवणात. अभिजितला मात्र लोक विसरले नाहीत. माझ्या पिढीच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटात दोन तरी अभिजित असत. आणि चक्राप्रमाणे 'अभिजित' या नावाचे नक्षत्र कोणते? तर कृत्तिका, कारण 'अ' तिथे आहे!

हे लक्षात आल्यावर मी बाकीच्या नक्षत्रांचे पत्ते तपासले. रोहिणी नावाची मुलगी चक्रात स्वातीच्या घरी सापडते, कारण 'रो' स्वातीत आहे. रेवतीही तिथेच. खुद्द स्वाती राहते शततारकेत. चित्रा रेवतीकडे, विशाखा रोहिणीकडे, धनिष्ठा पूर्वाषाढेत. अश्विनी आणि अनुराधा या दोघी कृत्तिकेच्या पाहुण्या. माझ्या मोजणीप्रमाणे सत्ताविसांपैकी स्वतःच्या घरी राहणारी दोनच: मघा आणि शततारका. त्यातही शततारकेने 'श'चा 'स' करून घेतला म्हणून. बँकेत हा प्रकार घडला असता तर पंचवीस खाती पत्त्याच्या पुराव्याअभावी गोठवली असती.

असे का झाले असावे, याचे उत्तर आणखी मागे गेल्यावर मिळते. अक्षराची भानगड मुळात नव्हतीच. पाणिनीच्या काळी ज्या नक्षत्रावर मूल जन्मले त्या नक्षत्राचेच नाव त्याला देत. त्याने अष्टाध्यायीत अशा नावांसाठी व्याकरणाची स्वतंत्र सोय केली आहे, म्हणजे चाल चांगलीच रुळलेली असणार. अर्जुनाला फाल्गुन म्हणतात ते तो फल्गुनी नक्षत्रावर जन्मला म्हणून. विराटपर्वात आपल्या नावांचे अर्थ सांगताना तो स्वतःच ते सांगतो. बौद्ध परंपरेत अशोकाच्या काळातले थोर भिक्षू मोग्गलिपुत्त तिस्स. त्यातला तिस्स म्हणजे तिष्य, म्हणजे आपले पुष्य. सरळ मामला होता. आकाशात बघावे आणि दिसेल ते नाव ठेवावे.

गृह्यसूत्रकारांचा आग्रह आणखी वेगळा. त्यांना नक्षत्रापेक्षा कानाची काळजी. आश्वलायन सांगतो, की मुलाच्या नावाचे पहिले अक्षर घोष असावे, मध्ये य, र, ल, व यांतले एखादे असावे, मुलाच्या नावात अक्षरे सम असावीत, मुलीच्या नावात विषम. आता घोष अक्षरे म्हणजे ग, घ, ज, झ, ड, ढ वगैरे मंडळी. क, प, त, स ही अघोष. म्हणजे प्रकाश, किरण, तुषार, संजय ही आमची सगळी सभ्य नावे त्या कसोटीला पहिल्याच अक्षरात नापास, आणि आज ज्या घ, झ, ढ यांचे नाव काढले की आजी कपाळाला हात लावते, ती तेव्हा पहिल्या रांगेत! मनूने मुलींपुरते एक शहाणपणाचे वाक्य लिहून ठेवले आहे: मुलीचे नाव तोंडाने सुखाने म्हणता यावे. सासरेबुवांचा ठसका आठवून मी त्याला मनोमन दाद दिली.

आणि आश्वलायनाने आणखी एक युक्ती करून ठेवली होती. मुलाला वडीलधाऱ्यांना वंदन करताना सांगण्यासाठी एक दुसरे नाव असावे आणि मुंज होईपर्यंत ते फक्त आईबापांना ठाऊक असावे. म्हणजे शास्त्राचे नाव एक, हाकेचे दुसरे, ही आपली 'जन्मनाव' आणि 'चालतं नाव' असली दुहेरी नोंद-पद्धती त्या काळापासून आहे. इटलीतल्या व्यापाऱ्यांनी ती हिशेबाच्या वहीत आणली, एवढे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. नावांत ती आपण आणली, हे मात्र कुणी शिकवले नाही.

मग अवकहडा चक्र कशासाठी? त्याचा एक मोठा उपयोग आहे तो उलट्या दिशेने. ज्याची जन्मवेळ ठाऊक नाही त्याच्या हाकेच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र ठरवायचे. बाराव्या शतकातल्या 'नरपतिजयचर्या' या ग्रंथात तर नावातल्या अक्षरांवरून लढाईत कोण जिंकेल ते बघण्याचे प्रकार आहेत. आणि समोरच्या सेनापतीची जन्मपत्रिका काही निरोप्याबरोबर मागवता येत नाही. असे कोष्टक करायचे तर कोण कुठल्या अक्षराचा येईल सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक अक्षराला खण हवाच. रिकामा राहिला तर राहिला. आम्ही फॉर्मात 'इतर' असा रकाना ठेवतो, तसाच हा 'ङ'. रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असा हट्ट घरच्या मंडळींचा. कोष्टक करणाऱ्याचा नव्हे. त्यांनी तर ग, ज, ड अशी बदली माणसेही नेमून ठेवली होती.

तरीही या बारा खणांत कोण कोण येऊन गेले ते बघायचा मोह मला आवरला नाही.

'घ'मध्ये घनश्याम आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण दुसरा घाशीराम. पुण्याचा कोतवाल, १७७७ मध्ये नेमलेला आणि १७९१ मध्ये चिडलेल्या लोकांनी दगडांनी ठेचून मारलेला. १९७२ मध्ये तेंडुलकरांचे नाटक आले आणि नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी झाले. पाळण्यात मात्र ते मी अजून ऐकलेले नाही. 'ष'मध्ये षण्मुख. मुंबईत किंग्ज सर्कलला त्या नावाचे मोठे सभागृह आहे म्हणून बरे, नाहीतर हे अक्षर आम्ही फक्त षटकारासाठी वापरले असते. 'ढ' तर मराठीत अक्षर राहिलेच नाही, शेरा झाला. पण काशीच्या गणपतीचे नाव ढुंढिराज आहे, आणि 'जातकाभरण' हा ज्योतिषावरचा नावाजलेला ग्रंथ लिहिणाऱ्याचे नावही ढुंढिराज. पत्रिका शिकवणारा स्वतःच 'ढ'! मराठीने त्याचा धुंडिराज केला आणि त्या नावाच्या एका गृहस्थाने १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढून आपल्याला सिनेमाचा नाद लावला. दादासाहेब फाळक्यांचे पाळण्यातले नाव ते.

'थ' आपल्याकडे कुणी नाहीच, म्हणून तो आयात करावा लागला. इंग्लंडातून थॉमस स्टीफन्स नावाचा पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते राचोलला छापले गेले, आणि त्यात त्याने मराठी भाषेची जी तारीफ केली आहे तशी आपल्यातल्या फार थोड्यांनी केली असेल. दुसरा 'थ' ब्रह्मदेशातून आला, तोही स्वखुशीने नव्हे. राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढून पुढे त्याला रत्नागिरीला आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीला गेलात तर थिबा पॅलेस बघता येतो.

'झ'चा प्रकार वेगळा. मराठीत 'झ' लिहून आपण झाकीर, झीनत, झुबिन सगळ्यांना सामावून घेतो. हिंदीत हीच नावे 'ज'खाली टिंब देऊन लिहितात. त्यामुळे माहीमला वाढलेले तबलानवाज झाकीर हुसेन मुंबईच्या पाटीप्रमाणे उत्तरा भाद्रपदेचे आणि दिल्लीच्या पाटीप्रमाणे उत्तराषाढेचे. माणूस एक, तबला एक. नक्षत्र रेल्वेच्या तिकिटाबरोबर बदलते.

आणि ज्यांच्यामुळे हे सगळे सुरू झाले ते ङ आणि ञ? तेही या जगात नावाच्या पहिल्या जागेवर सुखाने नांदत आहेत. फक्त आपल्या गल्लीत नाहीत. तमिळमध्ये 'ज्ञान' हा शब्द 'ञ'ने सुरू होतो, त्यामुळे सातव्या शतकातले शैव संत ज्ञानसंबंदर हे तिथे चक्क 'ञ'चे. व्हिएतनाममध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आपण 'न्गुयेन' असे अडखळत लिहितो ते 'ङ'नेच सुरू होते. आणि तिथे आडनाव आधी लावतात, म्हणजे नावाचे पहिलेच अक्षर 'ङ'. हो चि मिन्ह १८९० मध्ये जन्मले ते याच आडनावाचे. न्यूझीलंडात माओरी भाषेत 'ङायो' नावाचे एक झाड आहे आणि त्या झाडाचे नाव मिळालेली एक मुलगी पुढे मोठी रहस्यकथालेखिका झाली, ङायो मार्श. इंग्रजी बोलणारे तिला 'नायो' म्हणत. म्हणजे बदली कारकून तिकडेही नेमतात.

एवढी सगळी यादी केल्यावर अवघड अक्षरांविषयी माझ्या मनात राग उरला नाही. सोप्या अक्षरांविषयी मात्र एक शंका आली.

उदाहरणार्थ 'न'. अनुराधा नक्षत्र. नलिनी, नंदिनी, नर्मदा, नयना. एका घरात नावे ठेवायला इतके सोयीचे अक्षर दुसरे नसेल. आणि याच अक्षरात नकोशी. नकुसा. तीन मुलींवर चौथी झाली, की तिचे नाव नकोशी ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे आणि तशी प्रमाणपत्रे देण्यात आली. एका जिल्ह्यात, एका वर्षी, दोनशे पंच्याऐंशी. शाळेत रोज हजेरी व्हायची. नकोशी? हजर. पंचांगाप्रमाणे बघाल तर यात दोष काही नाही. अक्षर बरोबर, चरण बरोबर.

अशुभ नावे आपल्याकडे नवी नाहीत. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे ठेवत ती आधीची मुले गेलेली असत म्हणून. हा नुसता धोंडा आहे, याला घेऊन तुला काय मिळणार, असे मरणाला फसवायचे. नाव ओबडधोबड, पण त्याच्या आत आईचा जीव अडकलेला. 'ध' हा चक्रात बाराव्यांपैकीच एक, एका जागेचा धनी. पण धोंडो या नावाचे कर्वे बायकांच्या शिक्षणासाठी जन्मभर पायपीट करून १९१६ मध्ये त्यांचे विद्यापीठ काढून गेले आणि १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले. 'धोंडो'मध्ये 'राहा' असे सांगितलेले असते. 'नकोशी'मध्ये 'का आलीस' असे विचारलेले असते. दोन्ही नावे विचित्र, पण दोघांना एका ओळीत बसवणारे चक्र अजून कुणी काढलेले नाही.

आणि ज्या मुलींना अक्षर बघून, आत्याला बोलावून, घुगऱ्या वाटून नाव मिळते, त्यांचे तरी काय? लग्न ठरेपर्यंत ते अक्षर जपायचे, त्यावरून छत्तीसातले किती गुण जमतात ते बघायचे आणि लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने दुसरेच नाव लिहायचे. ज्या अक्षरावरून पत्रिका जमली तेच अक्षर संध्याकाळी तांदळाबरोबर डब्यात. अलीकडे पुष्कळ मुली ताटात आपलेच नाव लिहायला लावतात, हे चांगले झाले. तांदूळही वाया जात नाहीत.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचले नाही, काउंटरवर शिकलो. नोव्हेंबरात आमच्याकडे निवृत्तिवेतनाची मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आता हे काम घरबसल्या फोनला चेहरा दाखवूनही होते, पण म्हाताऱ्या माणसांना आपण जिवंत असल्याचे कुणाला तरी समक्ष सांगायचे असते. एक आजी आल्या. पासबुकात एक नाव, आधार कार्डावर दुसरे. मी विचारले, "आजी, आणखी कुठलं नाव होतं का? लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा नको."

"कुठलं सांगू? सासरचं का माहेरचं?"

"माहेरचं."

आजी जरा थांबल्या. मग मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "ठकू."

'ठ'. हस्त नक्षत्र, चौथा चरण. मी फॉर्मावर लिहिता लिहिता सवयीने मोठ्याने वाचले, "ऊर्फ ठकूबाई." त्यांनी एकदम वर पाहिले. माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे कुठेतरी, जणू तिकडून कुणी हाक मारली होती.

"बाळ, या नावानं हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही रे," त्या म्हणाल्या, आणि अंगठा द्यायला हात पुढे केला. मग आठवण झाल्यासारखा मागे घेतला आणि सही केली.

त्या दर नोव्हेंबरला येतात. शेजारची खिडकी रिकामी असली तरी माझ्याच रांगेत उभ्या राहतात. पाळी आली की मी मुद्दाम मोठ्याने म्हणतो, "या, ठकूबाई!" रांगेतली चार माणसे दचकून आपापला खिसा चाचपतात. मॅनेजरसाहेबांनी एकदा केबिनमधून बाहेर येऊन विचारले, की काउंटरवर कोण ठक आला आहे. आजी मात्र त्या दिवशी आपण हयात आहोत हे सहीशिवायच सिद्ध करून जातात.